राज्याच्या शिक्षणप्रमुखाला मत कशाच्या आधारावर द्यायचे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही नुकत्याच अमेरिकन नागरिक झालात, फ्रीमाँटला राहता, मुलगी सरकारी शाळेत चौथीत आहे आणि कॅलिफोर्नियात पहिल्यांदाच मत देणार आहात. बॅलटवर गव्हर्नरच्या बरोबरीने ‘सुपरिंटेंडंट ऑफ पब्लिक इन्स्ट्रक्शन’ अशी एक जागा आहे आणि तिथल्या नावांपुढे पक्षच लिहिलेला नाही. कुणाला मत द्यावे, की तो रकाना कोरा सोडावा, असे तुम्ही विचारता. सोबत शाळेबद्दलच्या तीन तक्रारीही लिहिल्या आहेत: घरी मराठी बोलतो म्हणून मुलीला ‘इंग्लिश लर्नर’ म्हणजे अजून इंग्रजी शिकणारी ठरवले, गणितात तिला पुढे जाऊ देत नाहीत, आणि मुले कमी झाल्याने जवळची शाळा बंद होईल अशी कुजबुज आहे. नवा शिक्षणप्रमुख यातले काय सोडवेल?

मला यातला मूळ प्रश्न असा दिसतो की, या खुर्चीच्या हातात नक्की काय आहे? ते कळले की उमेदवार पारखणे बरेच सोपे होते. मी इथल्या सरकारी शाळेत गणित शिकवले आणि नंतर एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेच्या, कार्यालयात बजेट आणि राज्याला पाठवायच्या अहवालांचे काम केले. सॅक्रामेंटोहून, म्हणजे राज्याच्या राजधानीतून, येणारे परिपत्रक शाळेपर्यंत पोहोचते तेव्हा त्याचे काय होते, हे मी रोज पाहिले आहे. त्या अनुभवावरून लिहिते.

महाराष्ट्रात शिक्षणमंत्री आमदारांमधून होतो, खाते मुख्यमंत्री देतात आणि पुण्यातले शिक्षण आयुक्त हे सरकारने नेमलेले अधिकारी असतात. म्हणजे धोरण ठरवणारे आणि राबवणारे एकाच सरकारचे. कॅलिफोर्नियात ही साखळी मधेच तोडलेली आहे. धोरण ठरवते स्टेट बोर्ड ऑफ एज्युकेशन. त्याचे ११ सदस्य असतात, त्यांत एक विद्यार्थी, आणि सगळ्यांना गव्हर्नर नेमतो. पैसा किती द्यायचा हे गव्हर्नर आणि विधिमंडळ ठरवतात. ते सगळे राबवायचे शिक्षण खाते मात्र ज्याच्या हाताखाली आहे, त्या सुपरिंटेंडंटला दर चार वर्षांनी राज्यभरातले मतदार थेट निवडतात. हे पद १८४९च्या राज्यघटनेपासून आहे. सुपरिंटेंडंट बोर्डाचा सचिव असतो, पण बोर्डात त्याला मत नाही.

या दोघांत भांडण होऊ शकते आणि झालेलेही आहे. बिल होनिग सुपरिंटेंडंट असताना बोर्ड आणि ते न्यायालयात समोरासमोर आले. १९९३च्या अपील न्यायालयाच्या निकालाने धोरणाचा अधिकार बोर्डाचा, अंमलबजावणी सुपरिंटेंडंटची, ही रेघ बऱ्याच अंशी पक्की केली. म्हणून ‘मी अभ्यासक्रम बदलीन’, ‘मी शाळांचा निधी दुप्पट करीन’ असे सांगणारा उमेदवार स्वतःच्या हातात नसलेल्या गोष्टी सांगत असतो.

आता तुमच्या तक्रारी.

इंग्लिश लर्नरचा मुद्दा आधी घेते, कारण आपल्या घरांत तो सर्वाधिक मनाला लागतो. शाळेत नाव घालताना तुम्ही घरच्या भाषेचा फॉर्म भरला. तिथे मराठी लिहिले की मुलाची एलपॅक ही इंग्रजीची परीक्षा होते. ही परीक्षा कायद्याने बंधनकारक आहे, केंद्राच्याही आणि राज्याच्याही, त्यामुळे कोणताही सुपरिंटेंडंट ती माफ करू शकत नाही. पहिल्याच परीक्षेत मूल उत्तम ठरले तर ते त्या गटात जातच नाही. गेले, तर बाहेर पडेपर्यंत दर वसंतात ती परीक्षा पुन्हा द्यावी लागते. बाहेर पडायला चार गोष्टी पाहतात: एलपॅकमध्ये वरची म्हणजे चौथी पातळी, शिक्षकांचे मत, पालकांशी सल्लामसलत, आणि त्याच वयाच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या तुलनेत मूलभूत कौशल्ये. यातली तिसरी गोष्ट तुमच्या हातात आहे आणि बहुतेक पालकांना ती माहीतच नसते. तुमच्या मुलीची चौथी पातळी आली असेल तर शाळेला ईमेल करून लेखी विचारा की रिक्लासिफिकेशनची, म्हणजे तिला त्या गटातून बाहेर काढण्याची, बैठक कधी आहे. निर्णय डिस्ट्रिक्टचा असतो, सॅक्रामेंटोचा नव्हे. आणि एक कळकळीने सांगते: धाकट्या मुलाच्या वेळी त्या फॉर्मवर मराठी लपवू नका. काही पालक तसा सल्ला देतात. तो चुकीचा आहे, कारण ज्या मुलाला खरोखर मदतीची गरज असते त्याची मदत त्यामुळे बुडते.

याच भाषेची दुसरी बाजूही पाहा. १९९८ साली मतदारांनी प्रस्ताव २२७ मंजूर केला आणि शाळांतले द्विभाषिक शिक्षण जवळजवळ बंद पाडले. २०१६ मध्ये प्रस्ताव ५८ने ते पुन्हा मोकळे केले. दरम्यान २०११च्या कायद्याने ‘स्टेट सील ऑफ बायलिटरसी’ आले. इंग्रजीसोबत दुसरी भाषाही नीट येणाऱ्या बारावीच्या मुलांच्या डिप्लोमावर लागणारी ती मोहर सुपरिंटेंडंटच्या कार्यालयातून येते. तिच्यात भाग घ्यायचा की नाही हे प्रत्येक डिस्ट्रिक्ट ठरवते. म्हणून तुमच्या मुलीच्या मराठीला ती मोहर मिळेल का, याचे उत्तर तुमच्या डिस्ट्रिक्टच्या कार्यालयातच मिळेल. आपल्या मराठी शाळांचे पालक एकत्र येऊन डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या स्कूल बोर्डाकडे गेले, तर तिथे ऐकणारे कान असतात.

गणिताचे थोडक्यात सांगते. राज्याची गणिताची चौकट, म्हणजे काय आणि कसे शिकवावे याची रूपरेषा, अनेक वर्षांच्या वादानंतर २०२३च्या जुलैत मंजूर झाली. मंजूर केली स्टेट बोर्डाने, आणि ती चौकट मार्गदर्शक आहे. आठवीत अल्जिब्रा द्यायचा की नाही, हुशार मुलांना कुठल्या टप्प्यावर पुढे न्यायचे, हे डिस्ट्रिक्ट ठरवते. सॅन फ्रान्सिस्कोने आठवीतला अल्जिब्रा काढला आणि मग २०२४च्या मार्चमध्ये तिथल्या मतदारांनी तो परत आणा असा कौल दिला, तेव्हा सगळी लढाई त्या शहराच्या पातळीवरच झाली. शाळा बंद करण्याचा निर्णयही स्थानिक स्कूल बोर्डाचा. राज्यात दशकापूर्वी सरकारी शाळांत ६२ लाख मुले होती, आता ५८ लाखांच्या आसपास आहेत. घरे महाग, जन्म कमी, लोक राज्याबाहेर जात आहेत. कोणताही उमेदवार हे आकडे उलटे फिरवू शकणार नाही.

इथे बजेटच्या टेबलावरून एक गोष्ट सांगून टाकते. कॅलिफोर्निया शाळांना पैसे देताना पटावर किती मुले आहेत हे मोजत नाही, रोज सरासरी किती मुले हजर होती हे मोजते. आपण डिसेंबर-जानेवारीत भारतात जातो आणि सुटीच्या पुढे-मागे शाळेचे दोन-तीन आठवडे बुडवतो. त्या प्रत्येक दिवसाचे पैसे तुमच्या डिस्ट्रिक्टला मिळत नाहीत. जाण्याआधी शाळेशी ‘इंडिपेंडंट स्टडी’चा करार केला आणि मुलाने दिलेले काम पूर्ण केले, तर ते दिवस हजेरीत धरता येतात. तुमच्या डिस्ट्रिक्टचे नियम विचारून घ्या, पण विचारा नक्की. पैशाअभावी शाळा बंद होण्याची भीती असलेल्या भागात याला अर्थ आहे.

मग सुपरिंटेंडंटच्या हातात उरते काय? वरचे वाचून वाटेल की काहीच नाही. तसे अजिबात नाही, आणि माझ्या उत्तराचा गाभा इथेच आहे.

शिक्षण खाते हे या राज्याचे यंत्र आहे आणि ते एका माणसाच्या हाताखाली चालते. परीक्षा घेणे, निकाल लावणे, प्रत्येक शाळेची कामगिरी रंगांत दाखवणारा डॅशबोर्ड चालवणे, केंद्राचा आणि राज्याचा निधी वाटणे, तो नियमाने खर्च झाला का हे तपासणे, ही सगळी त्याची कामे. डिस्ट्रिक्टने तुमची भेदभावाची किंवा बेकायदा फीची तक्रार फेटाळली तर अपील या खात्याकडे जाते. विशेष शिक्षणाच्या तक्रारींची चौकशीही तेच करते. तुमच्या फ्रीमाँटमध्येच कर्णबधिर मुलांची आणि अंध मुलांची अशा राज्याच्या दोन शाळा आहेत. त्या कुठल्याही डिस्ट्रिक्टच्या नाहीत, थेट या खात्याच्या आहेत. तिथल्या मुलांसाठी राज्याचा सुपरिंटेंडंट म्हणजे त्यांच्या शाळेचा मालकच समजा.

नवा कायदा येतो तेव्हा या खात्याची खरी परीक्षा होते. २०१३ मध्ये जेरी ब्राउन गव्हर्नर असताना निधीवाटपाचे सूत्र पूर्ण बदलले: प्रत्येक मुलामागे ठरावीक रक्कम, आणि गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या किंवा पालकांविना वाढणाऱ्या मुलांसाठी त्यावर जादा. कल्पना न्यायाची आहे, मी तिच्या पूर्ण बाजूने आहे. पण जादा पैसे त्याच मुलांवर खर्च झाले हे दाखवायचा आराखडा दरवर्षी भरावा लागतो, आणि तो भरताना खात्याकडून स्पष्ट उत्तर वेळेवर आले की नाही यावर आमचे महिने ठरत. मोठ्या डिस्ट्रिक्टकडे त्यासाठी वेगळी माणसे असतात. डोंगरातल्या छोट्या डिस्ट्रिक्टमध्ये तिथला स्थानिक सुपरिंटेंडंट, मुख्याध्यापक आणि बजेट पाहणारा एकच माणूस असू शकतो. त्याच्या फोनला सॅक्रामेंटोतून कुणी उत्तर दिले, तर तिथल्या मुलांचे शिकणे त्या आठवड्यात पुढे सरकते. सगळ्या मुलांना मोफत जेवण, चार वर्षांच्या मुलांसाठी ट्रान्झिशनल किंडरगार्टन, या सगळ्यांची घोषणा गव्हर्नर करतो आणि ती शाळेच्या दारापर्यंत नेणारे नियम, फॉर्म, प्रशिक्षण हे खाते करते.

त्यानंतर येतो आवाज. सुपरिंटेंडंट पदसिद्ध म्हणून युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा रीजंट म्हणजे नियामक मंडळाचा सदस्य असतो, कॅल स्टेट विद्यापीठांचा विश्वस्त असतो, शिक्षकांच्या पेन्शन फंडाच्या मंडळावर असतो. गव्हर्नर बोलावतो तेव्हा तो मोठ्या वादात मध्यस्थ होतो. २०१९ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी चार्टर शाळांच्या (सरकारी पैशावर पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणाऱ्या शाळांच्या) प्रश्नावर गट बसवला, त्याचे काम तेव्हाचे सुपरिंटेंडंट टोनी थर्मंड यांच्याकडे होते, आणि त्याच वर्षी चार्टर शाळांचा कायदा बदलला. पण आवाजालाही मर्यादा आहे. २०२३च्या जुलैत चिनो व्हॅलीच्या स्कूल बोर्डाने ट्रान्सजेंडर मुलांबद्दल पालकांना कळवण्याचे धोरण आणले तेव्हा थर्मंड स्वतः त्या सभेत विरोध करायला गेले, आणि त्यांना सभेतून बाहेर काढण्यात आले. नंतर न्यायालयात गेले ते राज्याचे ॲटर्नी जनरल. त्या धोरणाबद्दल तुमचे मत काहीही असो, राज्याचा शिक्षणप्रमुख एका स्कूल बोर्डाचा ठराव स्वतःच्या सहीने रद्द करू शकत नाही, एवढे त्यातून स्पष्ट होते.

हे सगळीकडे असेच नाही. अमेरिकेत १२ राज्यांत शिक्षणप्रमुख थेट निवडून येतो आणि प्रत्येकाचे अधिकार वेगळे. विस्कॉन्सिनमध्ये राज्याचे शिक्षण बोर्डच नाही, त्यामुळे तिथला सुपरिंटेंडंट बराच ताकदवान आहे. टोनी एव्हर्स त्या खुर्चीवरून थेट गव्हर्नर झाले. तुमची नणंद विस्कॉन्सिनला आहे असे तुम्ही लिहिले आहे, तर तिला मिळालेला सल्ला तुम्हाला जसाच्या तसा लागू पडणार नाही.

निवडणुकीची पद्धत अशी. जूनमध्ये सगळे उमेदवार एकत्र असतात. कुणाला निम्म्याहून जास्त मते मिळाली तर तो तिथेच निवडून येतो. नाहीतर पहिले दोन नोव्हेंबरमध्ये पुन्हा लढतात. एका व्यक्तीला दोनच मुदती मिळतात. थर्मंड यांच्या दोन होत असल्याने २०२६ची जागा खुली आहे. नावाखाली तीनच शब्दांत व्यवसाय लिहिलेला असतो. ‘शिक्षक’ हा शब्द मतदारांना आवडतो हे उमेदवारांना ठाऊक असते, म्हणून तेवढ्यावर जाऊ नका.

पक्ष नाही याचा अर्थ बाजू नाहीत असा नाही. २०१४ आणि २०१८ या दोन्ही वेळी अंतिम लढतीतले दोघेही डेमोक्रॅट होते आणि तरी लढत कडवी झाली. २०१८ मध्ये थर्मंड आणि मार्शल टक यांच्या लढतीवर ५ कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला. एका बाजूला शिक्षक संघटना, दुसऱ्या बाजूला चार्टर शाळांचे श्रीमंत पाठीराखे. टक जूनमध्ये पहिले होते, नोव्हेंबरच्या मोजणीतही सुरुवातीला पुढे होते, आणि शेवटी थर्मंड सुमारे ५१ विरुद्ध ४९ टक्क्यांनी जिंकले.

आता कोरा रकाना. त्याने तुमचे बॅलट बाद होत नाही, बाकीची मते मोजली जातात. पण २०१८चे आकडे बघा: गव्हर्नरसाठी सुमारे १ कोटी २४ लाख मते पडली, सुपरिंटेंडंटसाठी सुमारे १ कोटी ५ लाख. म्हणजे जवळपास १९ लाख लोकांनी ही जागा कोरी सोडली. जिंकणाऱ्याचे मताधिक्य होते दोन लाखांहून कमी. ज्यांची मुले सरकारी शाळेत आहेत त्यांनी तरी हा रकाना सोडू नये असे मला मनापासून वाटते.

नाव मी सांगणार नाही, कारण काही गोष्टी खरोखर तुमच्या मतावर अवलंबून आहेत. चार्टर शाळा वाढाव्यात की आवराव्यात? शिक्षकांच्या नोकरीच्या संरक्षणाबद्दल तुम्हाला काय वाटते? २०१४ मध्ये व्हर्गारा खटल्यात ते संरक्षण देणारे कायदे न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरवले तेव्हा तत्कालीन सुपरिंटेंडंट टॉम टॉर्लाक्सन अपिलात जाण्याच्या बाजूने होते, टक विरोधात. २०१६ मध्ये अपिलात तो निकाल फिरला. इथे सुपरिंटेंडंट कोण आहे याने फरक पडतो, आणि कोणती बाजू बरोबर हे तुमचे तुम्ही ठरवायचे.

मी स्वतः काय पाहते ते सांगते. पहिले, या माणसाने कधी मोठी संस्था चालवली आहे का, आणि तिथली माणसे टिकली का. सभागृहात उत्तम बोलणारा आमदार खाते उत्तम चालवेलच असे नाही, आणि चांगला मुख्याध्यापकही ५८ लाख मुलांचे यंत्र सांभाळेलच असे नाही. दुसरे, मुलाखतीत तो खात्याबद्दल बोलतो की फक्त देशाच्या राजकारणाबद्दल. ‘छोट्या डिस्ट्रिक्टना उत्तर किती दिवसांत मिळेल’, ‘परीक्षेचे निकाल शाळा सुरू होण्याआधी पालकांच्या हाती कसे देणार’, ‘तिसरीपर्यंत वाचता न येणाऱ्या मुलांसाठी खाते काय करेल’, अशा प्रश्नांना ज्याच्याकडे ठोस उत्तर आहे त्याला माझ्याकडून झुकते माप. वाचनाचा प्रश्न मी मुद्दाम घातला. होनिग यांच्या काळात राज्याने अक्षर-ध्वनी जोडून शिकवण्यापासून दूर जाणारी चौकट स्वीकारली, आणि पुढे होनिग स्वतः अक्षर-ध्वनीच्या बाजूने काम करू लागले. या खुर्चीवरच्या माणसाचा कल पिढीभर वर्गात उमटतो. तिसरे, पैसा कुणाचा आहे. राज्याच्या निवडणुका पाहणाऱ्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कॅल-ॲक्सेस या संकेतस्थळावर देणग्या दिसतात. उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यासोबत त्याच्यासाठी बाहेरून खर्च करणाऱ्या समित्याही पाहा. मोठी रक्कम बहुधा तिथेच असते.

एक गल्लत टाळा. बॅलटवर काउंटीचा सुपरिंटेंडंट वेगळा दिसू शकतो, आणि तुमच्या डिस्ट्रिक्टचा सुपरिंटेंडंट तर बॅलटवर नसतोच, त्याला स्कूल बोर्ड नोकरीवर ठेवते. तुमच्या तीन तक्रारींपैकी गणित आणि शाळा बंद होणे हे दोन विषय पूर्णपणे त्या स्कूल बोर्डाकडे आहेत. म्हणून ज्या नोव्हेंबरमध्ये तुमच्या भागातली बोर्डाची जागा असेल, त्या रकान्यासाठी राज्याच्या जागेपेक्षा दुप्पट वेळ द्या.

पोस्टाने आलेल्या बॅलटच्या पाकिटावर सही करायला विसरू नका, आणि ती सही तुमच्या नोंदीतल्या सहीसारखी हवी.

तुमचे यजमान अजून ग्रीन कार्डवर आहेत, त्यांना काही करता येईल का, असेही तुम्ही विचारले आहे. राज्याच्या कोणत्याही निवडणुकीत त्यांना मत देता येत नाही, आणि मतदार म्हणून चुकूनही नाव नोंदवू देऊ नका, पुढे नागरिकत्व मिळताना गंभीर अडचण येते. सॅन फ्रान्सिस्कोने स्कूल बोर्डापुरता अपवाद केला आहे, पण तो तिथल्याच पालकांसाठी. मात्र ज्या शाळेत २१ किंवा जास्त इंग्लिश लर्नर मुले आहेत तिथे त्यांच्या पालकांची सल्लागार समिती असावीच लागते. तिला ‘ईलॅक’ म्हणतात, आणि तिथे कुणी नागरिकत्व विचारत नाही. तुमच्या मुलीच्या शाळेत ती बहुधा असेल. ऑफिसात जाऊन पुढच्या बैठकीची तारीख विचारायला सांगा, आणि मुलीच्या रिक्लासिफिकेशनचा विषय त्याच बैठकीत काढायला सांगा.